मुलांसोबत टीव्ही कसा बघायचा: आमच्या घरात करून बघितलेल्या पायऱ्या

आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलच्या पाच रेघा आहेत, इतक्या चिकटून की लांबनं एकच जाड रेघ वाटते. माझ्या मोठ्यानं मारल्यात त्या. तेव्हा तो दुसरीत होता. टीव्हीवर दुधात घालायच्या पावडरची जाहिरात लागायची, ग्लास संपला की पोरगं सरसर उंच होतं असं दाखवायचे, आणि यानं हट्ट करून करून डबा आणायला लावला. रोज रात्री दूध प्यायचा आणि सकाळी डोळे चोळत आधी चौकटीला पाठ लावून उभा राहायचा. पाचव्या दिवशी पण रेघ तिथंच आली तर रडायलाच लागला, म्हणाला, "आई, माझ्यातच काहीतरी बिघडलंय."

जाहिरात चुकीची असेल असं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही, आणि का येईल, आम्ही कधी सांगितलंच नव्हतं. "टीव्ही बंद कर" हे दिवसातनं वीस वेळा सांगायचो, पण टीव्हीवर जे दिसतं ते कुणीतरी बसून बनवलेलं असतं, कशासाठी तरी बनवलेलं असतं, हे एकदाही बोललो नव्हतो. त्या दिवसापासनं मी हे शिकवायला लागले. चार वर्षं झाली, बऱ्याच चुका केल्या, काही गोष्टी मस्त जमल्या. मी काही शिक्षिका नाही, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशोब बघते, घरी सासूबाई, मुलांचे बाबा, मोठा आता सहावीत आणि धाकटी पहिलीत. दोन खोल्यांचं घर आणि एकच टीव्ही, म्हणजे "मुलांच्या खोलीत टीव्ही ठेवू नका" वगैरे सल्ला आम्हाला लागूच होत नाही. तुमचंही घर असंच असेल तर हे तुमच्यासाठी लिहिलंय.

आधी काय काय जवळ ठेवायचं

- एक शंभर पानी वही, निळा आणि लाल असे दोन पेन
- मोबाईलमधलं स्टॉपवॉच
- रिमोट, आणि त्याचं म्यूटचं बटण चालू पाहिजे (आमचं दोन वर्षं चालतच नव्हतं, नवीन रिमोट फार महाग नसतो, आधी तो आणा)
- सेट-टॉप बॉक्सचा ग्राहक क्रमांक आणि ज्या मोबाईल नंबरवर कनेक्शन आहे तो नंबर, कारण पिन बदलायला तेच विचारतात
- भिंतीवर लावायला महाराष्ट्राचा आणि जगाचा नकाशा
- ओळखीचा किराणा दुकानदार, ज्याचा वजनकाटा पाच मिनिटं वापरता येईल

बास. पैसे फारसे लागत नाहीत, वेळ मात्र लागतो. रोज अर्धा तास तरी शेजारी बसावं लागतं आणि त्या अर्ध्या तासात भाजी निवडत बसलात तरी चालतं, पण मोबाईल बघत बसलात तर नाही चालत.

१. पहिला आठवडा फक्त लिहून काढा

काहीच बदलू नका, रागवू नका. वहीत रोज लिहा: टीव्ही किती वाजता लागला, कुणी लावला, काय लागलं होतं, कधी बंद झाला. मुलांनाच लिहायला द्या, त्यांना आवडतं.

इथला सापळा असा की आपण फक्त मुलांचं लिहितो. घरातल्या सगळ्यांचं लिहायचं. आमच्या वहीत पहिल्या आठवड्यात असं निघालं की कुणीच बघत नसताना टीव्ही चालू असण्याचा वेळ मुलांच्या कार्टूनच्या वेळेपेक्षा जास्त होता! सकाळी नळाला पाणी आलं की सगळे बादल्या-घागरींच्या मागं आणि टीव्ही एकटाच बोलत बसलेला. मोठ्यानं ते लिहिलं होतं, "६.४० ते ७.५५, कोणी नाही." ते वाचून मुलांच्या बाबांनी स्वतःहून सकाळच्या बातम्या लावायचं बंद केलं.

२. वेळ ठरवा, कुलूप लावा, पण भांडण न करता

वयाचा हिशोब आधी समजून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की एक वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्यापेक्षा कमी असेल तर आणखी चांगलं. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही साधारण असंच आहे, दोन वर्षांखाली स्क्रीन नाही (आजी-आजोबांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालतो), पाच वर्षांपर्यंत एक तास, आणि पाच ते दहा वयाला दोन तासांच्या आत, त्यात मोबाईलसुद्धा धरायचा.

आता हे जमवायचं कसं. आम्ही असं ठरवलं की टीव्ही "लावून बघू काय लागलंय" असं करायचं नाही. रविवारी संध्याकाळी बसून आठवड्याचे कार्यक्रम निवडायचे, वहीत लिहायचे, तो कार्यक्रम सुरू झाला की टीव्ही लावायचा आणि संपला की जो शेवटी रिमोट धरून असेल त्यानं बंद करायचा. सुरुवातीला पंधरा दिवस रोज रडारड झाली, हे खरं सांगते. मग सवय झाली. निवडताना एकाचा एक, दुसऱ्याचा एक, आज्जीचा एक असं केलं की भांडणं निम्मी होतात.

कुलूप म्हणजे चॅनल लॉक. सेट-टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन पिन टाकून चॅनल बंद करता येतात. बहुतेक बॉक्सचा मूळ पिन ०००० किंवा १२३४ असतो आणि तो पोरांना तुमच्या आधी माहीत असतो, त्यामुळं पहिलं काम पिन बदलणं. वाढदिवसाची तारीख ठेवू नका, मोबाईलचाच पिन ठेवू नका. स्मार्ट टीव्ही असेल तर ओटीटीवर मुलांचं वेगळं प्रोफाईल काढा आणि कार्यक्रमाच्या सुरुवातीला कोपऱ्यात जी वयाची खूण येते ती वाचायला मुलांनाच शिकवा. २०२१ च्या नियमांपासून ओटीटीवर यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए असे पाच गट आहेत. आमची धाकटी आता स्वतःच ओरडते, "हे तेरावालं आहे, मी आत जाते!"

पण लॉकवर विसंबून राहू नका. शेजारच्या घरी लॉक नसतो, मामाच्या मोबाईलवर नसतो. म्हणूनच पुढच्या पायऱ्या जास्त महत्त्वाच्या.

३. शेजारी बसा आणि चारच प्रश्न विचारा

माझे चार प्रश्न असे:

- हे कुणी बनवलं असेल?
- आपण हे बघून काय करावं असं त्यांना वाटतंय?
- यात काय दाखवलं नाही?
- खरं आहे का ते आपण कसं तपासायचं?

चारही एकदम विचारायचे नाहीत. एका कार्यक्रमाला एक, तोही जाहिरात लागल्यावर किंवा कार्यक्रम संपल्यावर. मी सुरुवातीला उत्साहात दर दोन मिनिटाला विचारायचे, तर मोठा उठून गेला आणि बाहेर जाऊन बाबांना म्हणाला, आई टीव्हीची पण परीक्षा घ्यायलीय. तेव्हा समजलं. टीव्ही मजेसाठी पण असतो, मुलांना खदाखदा हसू द्या, त्यात काही वाईट नाही.

आणि आपण उत्तर सांगायचं नाही. "माहीत नाही, तुला काय वाटतं?" असं म्हणून गप्प बसायचं. हे फार अवघड जातं, पण पाचेक सेकंद गप्प बसलं की मूल काहीतरी बोलतंच. धाकटीला मी विचारलं होतं की या कार्टूनमध्ये काय दाखवलं नाही, तर बराच वेळ विचार करून म्हणाली, "यांना शू लागतच नाही." बरोबरच आहे की! तिथनं मग गप्पा निघाल्या की दिवसभराची गोष्ट दहा मिनिटांत बसवायची तर काय काय कापावं लागत असेल.

४. जाहिराती: इथं सगळ्यात जास्त वेळ द्या

माझ्या मते मुलांना टीव्ही शिकवायचा असेल तर जाहिरातीपासनंच सुरू करावं. छोटी असते, परत परत लागते, आणि तिचा हेतू एकच असतो. लहान मुलांना कार्यक्रम कुठं संपला आणि जाहिरात कुठं सुरू झाली हेच समजत नाही, विशेषतः कार्टूनमधलंच पात्र बिस्किट विकायला येतं तेव्हा.

*मोजणी.* पहिला खेळ स्टॉपवॉचचा. एक तास कार्यक्रम बघायचा आणि जाहिरात लागली की घड्याळ चालू, कार्यक्रम आला की बंद. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत लिहिलंय की तासाला १२ मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती नकोत, त्यातली १० मिनिटं मालाच्या जाहिराती आणि २ मिनिटं चॅनलच्या स्वतःच्या कार्यक्रमांच्या. आम्ही एका रविवारी मोजलं तर आमचा आकडा १४ मिनिटं २० सेकंद आला. मोठ्यानं दुसऱ्या रविवारी परत मोजलं, मग तिसऱ्या. भागाकार-टक्केवारी त्यानं यातच शिकली, वेगळं बसवून शिकवावी लागली नाही.

*म्यूट.* आवाज बंद करून जाहिरात बघायची आणि ओळखायचं काय विकायलेत. बऱ्याचदा शेवटपर्यंत समजत नाही, फक्त पळणारी मुलं, हसणारी आई, पाऊस, मोठं घर. मग आवाज लावून परत बघायची. संगीत गेलं की जाहिरातीतला निम्मा जोर जातो, हे मुलांना सांगावं लागत नाही, दिसतंच.

*तीन भाषा.* हे सोलापुरात फार सोपं आहे, दुसऱ्या गावातल्या लोकांना एवढं सहज जमणार नाही. आमच्या शेजारच्या अक्का तेलुगू चॅनल बघतात, सासूबाई मराठी, मुलं हिंदी कार्टून, आणि मोठ्याच्या वर्गात कन्नड बोलणारी मुलं पण आहेत. एकच जाहिरात वेगवेगळ्या भाषेत बघायची. चित्र तेच असतं पण एका ठिकाणी आई म्हणते "ताकद", दुसरीकडं "हुशारी", असं काहीतरी बदललेलं असतं. अक्कांनी अर्थ सांगितला तेव्हा धाकटी ओठांकडं बघत राहिली, म्हणाली, "तोंड वेगळंच हलायलंय." आवाज नंतर चिकटवतात हे तिला त्या दिवशी समजलं.

*वजनकाटा.* चिप्सच्या जाहिरातीत पाकीट फोडलं की भसाभसा चिप्स उडतात. आम्ही पाकीट घेतलं, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात वजन केलं, पाकिटावर लिहिलेलं वजन वाचलं, ताटात ओतून मोजलं. २३ चिप्स. त्याच पैशात दुकानदारानं शेंगदाणे मोजून दिले ते वाटीभर झाले. आता पाकिटात हवा भरण्यामागं कारण पण असतं, चिप्स मऊ पडू नयेत आणि चुरा होऊ नये म्हणून नायट्रोजन भरतात, तेही सांगा. सगळेच फसवतात असं मुलाच्या डोक्यात बसवायचं नाहीये आपल्याला. हा या पायरीतला मोठा सापळा आहे. मोठा मध्ये एकदा अशा टोकाला गेला होता की पोलिओच्या डोसची जाहिरात लागली तरी "खोटं आहे" म्हणाला. मग मला परत मागं यावं लागलं, की कुणी काही विकायलंय का, नसेल तर कशासाठी सांगायलेत, हे बघून ठरवायचं.

*बारीक अक्षरं.* जाहिरातीच्या खाली पट्टी येते ती वाचायची. आधी वाचताच येत नाही इतक्या लवकर जाते, म्हणून मोबाईलवर व्हिडिओ काढून थांबवून वाचायची. २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलच्या केंद्र सरकारच्या नियमांत असं आहे की दावा ज्या भाषेत आहे त्याच भाषेत खालची सूचना पाहिजे, आणि मुलांसाठीच्या जाहिरातीत शास्त्रीय आधार नसताना बुद्धी किंवा शारीरिक क्षमता वाढते असा दावा करता येत नाही. हे वाचलं तेव्हा मला चौकटीवरच्या रेघा आठवल्या. आणि "हेल्थ ड्रिंक" हा शब्द, तो २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात कुठंच ठरवून दिलेला नाही, म्हणून २०२४ मध्ये ऑनलाईन दुकानांना असल्या पावडरी त्या नावाखाली विकू नका असं सांगण्यात आलं. डब्याच्या मागचा तक्ता मुलाला वाचायला द्या, १०० ग्रॅममध्ये साखर किती ते शोधायला सांगा आणि तेवढी साखर चमच्यानं ताटलीत काढून ठेवा. बोलायची गरज पडत नाही.

तक्रार करायची असेल तर तारीख, वेळ, चॅनल आणि जाहिरातीचा व्हिडिओ एवढं लागतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५, आणि जाहिरातवाल्यांचीच १९८५ मध्ये सुरू झालेली एएससीआय म्हणून संस्था आहे, तिथं ऑनलाईन तक्रार फुकट होते. तक्रारीचा मजकूर मुलाकडनं लिहून घ्या.

५. कार्टून आणि मारामारी: स्वतः बनवून बघा

मोठा एकदा जिन्याच्या सहाव्या पायरीवरनं उडी मारायला निघाला होता, कारण कार्टूनमधला डोंगरावरनं पडतो आणि अंग झटकून उठतो. रागावून काही होत नाही, "पण त्याला कुठं लागलं" हेच डोक्यात असतं.

आम्ही सिनेमाच काढला. ताटात भाजलेले शेंगदाणे, शेजारी छोटा खलबत्ता, मोबाईल दोन डब्यांच्या मधी घट्ट बसवलेला. एक फोटो, शेंगदाणे कणभर पुढं सरकवायचे, परत फोटो. असे ४० फोटो काढले आणि सेकंदाला दहा या वेगानं जोडले (फोटो जोडायचे फुकट ॲप असतात), तर चार सेकंदांचा सिनेमा झाला, शेंगदाणे रांगेनं चालत चटणीला निघालेत असा! दीड तास गेला त्या चार सेकंदांत. धाकटी मधेच दोन शेंगदाणे खाऊन बसली तर सिनेमात ते अचानक गायब झालेले दिसतात. टीव्हीवर सेकंदाला २५ चित्रं सरकतात हे मग सांगितलं तर मोठा तोंडावर हात ठेवून बसला.

हे झाल्यावर उडीचा सिनेमा काढला. पहिल्या पायरीवरनं उडी, मग कॅमेरा बंद, मग गादीवर पडलेला. जोडल्यावर खरंच वाटतं की वरनं पडला. त्यानंतर जिन्यावरचं धाडस थांबलं. एवढी एकच पायरी करणार असाल तर ही करा.

६. मालिका: आज्जीला सोबत घ्या

सगळ्यात नाजूक पायरी. सासूबाईंच्या मालिकेला नावं ठेवायची नाहीत. त्यांचं दिवसभराचं काम उरकल्यावरचं तेवढंच सुख असतं, आणि मुलांसमोर तुम्ही त्याची टर उडवली तर मुलं टीव्हीऐवजी आज्जीचा अपमान करायला शिकतात. मी एकदा बोलून गेले होते, दोन दिवस सासूबाई टीव्हीसमोर बसल्याच नाहीत, फार वाईट वाटलं मला.

त्याऐवजी त्यांनाच विचारलं, की आई, ही बाई वाईट आहे हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कसं कळलं. त्या लगेच म्हणाल्या, तिची टिकली बघ, भुवया बघ, ती आली की ढॅण ढॅण वाजतंय. मुलं आणि आज्जी मिळून यादीच करायला लागले: वाईट माणसाचे कपडे, वाईट माणसाचं संगीत, एकच चेहरा तीन वेळा दाखवतात ते, भाग संपताना नेमकं दार उघडतं ते. मग मोठ्यानं विचारलं की यातला कुणी कामाला का जात नाही, आज्जी म्हणाल्या, आम्ही एवढी वर्षं विड्या वळल्या, यांच्या घरात एक बाई कष्टाचं काम करताना दिसत नाही. आणि मग कितीतरी वेळ त्या विडी कारखान्यातल्या गोष्टी सांगत बसल्या, दिवसाला हजार विड्या कशा व्हायच्या, पान कसं भिजवायचं. मुलांनी मालिका सोडून ते ऐकलं.

७. बातम्या: हळू जा, आणि लहानग्यांना सोडून जा

सहा-सात वर्षांच्या आतल्या मुलांसमोर बातम्या लावूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. १५ जून २०२३ ला होटगी रोडच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, तुम्हाला आठवत असेल. दिवसभर टीव्हीवर तेच, चिमणी कलते, पडते, धूळ. परत कलते, परत पडते. धाकटी चार वर्षांची होती. रात्री झोपताना विचारते, "आई, किती चिमण्या पाडल्या?" तिला प्रत्येक वेळी नवीन चिमणी वाटत होती, आणि मधेच खरी चिमणी, पक्षी, असं पण डोक्यात गोंधळलेलं. पूर, अपघात, आग यांची दृश्यं अशीच परत परत दाखवतात, लहान मुलाला वाटतं सगळीकडंच पूर आलाय आणि आता आपल्या घरात येणार. तेव्हा टीव्ही बंद करायचा, नकाशावर ते गाव दाखवायचं, बोटानं अंतर मोजायचं, आणि तिथं कोण मदत करायलंय ते सांगायचं.

मोठ्यांसाठी, म्हणजे चौथी-पाचवीच्या पुढं, दोन पेनांचा खेळ. अर्धा तास बातम्या बघताना निळ्या पेननं काय घडलं ते लिहायचं, लाल पेननं कुणाला काय वाटतं ते. चिमणीच्या वेळी मोठ्याला मी हाच खेळ लावला होता, तेव्हा तो फार लहान होता पण प्रयत्न केला. निळ्यात एवढंच आलं: चिमणी पाडली, तारीख, विमानतळासाठी अडथळा होती. लाल मात्र पानभर, एक चॅनल म्हणतं शहराचा विकास, दुसरीकडं ऊस उत्पादक म्हणतात आमचं नुकसान. दोन्ही बाजूंच्या माणसांना आम्ही ओळखतो, त्यामुळं कुणा एकाला खोटं म्हणता येईना, आणि तेच त्यानं शिकावं असं मला वाटत होतं.

कोपऱ्यातले शब्द वाचायला शिकवा: "संग्रहित" म्हणजे जुनं चित्र, "सूत्रांची माहिती" म्हणजे नाव सांगितलेलं नाही, आणि शब्दाच्या शेवटी प्रश्नचिन्ह असेल तर बातमीवाल्यालाच खात्री नाही.

आणि गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत हा प्रयोग नक्की करा, वर्षातनं एकदाच जमतो. जानेवारीत अक्षता सोहळ्याला मुलांना घेऊन जा, तो होतो त्या संमती कट्ट्यापाशी लांबून का होईना उभे राहा. सात नंदीध्वज (सजवलेल्या उंच काठ्या), पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, ऊन, ढकलाढकली, हरवलेली चप्पल, पाण्यासाठी रडणारं पोरगं. घरी येऊन वहीत लिहा काय काय बघितलं. मग संध्याकाळी तीच बातमी टीव्हीवर बघा. आम्ही मोजलं, ४५ सेकंद होती. मोठ्यानं दोन्ही याद्या शेजारी शेजारी लिहिल्या आणि टीव्हीच्या यादीत वरनं काढलेलं चित्र होतं, जे आम्हाला गर्दीत उभं राहून दिसलंच नव्हतं. म्हणजे टीव्हीनं बरंच गाळलं पण आम्हाला न दिसलेलं एक दाखवलं पण. दोन्ही लिहा.

८. जे बघितलं ते बाहेर जाऊन शोधा

चांगलं काय लावायचं हा प्रश्न सगळे विचारतात. भारतात टीव्ही १९५९ मध्ये दिल्लीत आला, आणि १९७५-७६ मध्ये वर्षभर उपग्रहावरनं सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत शेती, आरोग्य, शाळेचे कार्यक्रम दाखवले होते, म्हणजे शिकवणं हे त्याचं जुनंच काम आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सह्याद्रीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी रोज कार्यक्रम लागायचे, आमच्या घरात तेव्हा एकच मोबाईल होता तर तेच कामाला आले. आता केंद्र सरकारच्या पीएम ई-विद्याचे इयत्तेप्रमाणे चॅनल आहेत, डीडी फ्री डिशवर महिन्याचे पैसे न भरता दिसतात. पण खरं सांगू का, शिकवणारा चॅनल लावून निघून गेलात तर मूल झोपतं. त्यापेक्षा मुलाला आवडलेला कार्यक्रम घ्या आणि त्यातली एक गोष्ट बाहेर शोधा. तारे-ग्रह आवडले तर सोलापूर विज्ञान केंद्र, डॉक्टरांची गोष्ट आवडली तर आपल्याच गावात जन्मलेल्या डॉ. कोटणीसांचं स्मारक, स्वातंत्र्यलढा बघितला तर चार हुतात्मा चौकात जाऊन १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेली चार नावं वाचा.

प्राण्यांच्या कार्यक्रमाची सवय असेल तर नान्नजला जा, बार्शी रोडनं वीसेक किलोमीटर. माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे तिथं. पहाटे निघा, पाणी आणि कडक भाकरी-चटणी बांधून घ्या, टोप्या घ्या, भडक कपडे नकोत, आणि मुलांना आधीच सांगून ठेवा की माळढोक आता इतके कमी उरलेत की दिसेलच असं नाही. आम्ही गेलो तेव्हा तासभर झाल्यावर धाकटी म्हणाली, "टीव्हीवर तर लगेच येतो." मोठा तिला समजवायला लागला, अगं तिथं कॅमेरावाला कितीतरी दिवस बसलेला असतो, आणि जेवढ्यात पक्षी आला तेवढंच आपल्याला दाखवतात, बाकीचं कापलेलं असतं. मी काहीच बोलले नाही, भाकरी सोडत बसले होते.

परत येताना गाडीत त्यानं वहीत लिहिलं. अक्षर हलल्यामुळं वाकडं आलंय पण वाचता येतं: "माळढोक, ३ तास, दिसला नाही. काळवीट ११. कापायचं असेल तर काळवीट ठेवा."